‘आणि इतर’चा हिशेब



या वेळचं संपादकीय मोर्च्यावर नाही, निवडणुकीवर नाही, फुटलेल्या पुढाऱ्यांवरही नाही. या वेळचा विषय आहे विज्ञानातले शोधनिबंध. कुणाच्या निबंधाचा दाखला जगात किती वेळा दिला जातो, आणि तो का दिला जातो. वाचून काहीजण हसतील. म्हणतील, गोदीत गोण्या उचलणाऱ्या मॅट्रिक पास कवड्याला ह्यातलं काय कळतंय? कळतं. आम्ही दिवसभर दुसऱ्याचा माल मोजून उचलतो. मोजणारा कोण, तो कुणाच्या बाजूचा, मोजताना काय लपवतो, हे शिकायला आम्हाला विद्यापीठ लागलं नाही.

विषय काढायला कारण घडलं. आमच्या वस्तीतला एक पोरगा रसायनशास्त्रात डॉक्टर झाला. रॉकेलच्या वासात, नळाच्या भांडणात, बापाच्या खोकल्यात अभ्यास करून झाला. नोकरीच्या मुलाखतीला गेला. समोरच्या साहेबांनी कागद चाळले आणि एकच प्रश्न टाकला : तुमचा एच-इंडेक्स किती? पोरानं सांगितला. साहेब म्हणाले, कमी आहे. संपलं. जात कुणी विचारली नाही. विचारायची गरजच उरली नव्हती. आकडा होता ना.

पूर्वी आपल्याला दारातून हाकलायला शास्त्र होतं, मग आडनाव होतं, मग गुणवत्ता नावाची बाई आली. आता आकडा आलाय. आकड्याला जात नसते असं म्हणतात. तर चला, बघू.

आधी आकडा म्हणजे काय ते समजून घ्या. एक संशोधक निबंध लिहितो तेव्हा शेवटी यादी देतो, की मी अमक्याच्या तमक्या कामाचा आधार घेतला. ह्याला म्हणायचं सायटेशन, आपण दाखला म्हणू. अशा याद्या गोळा करून उलट्या लावल्या, की कुणाला किती दाखले मिळाले ते कळतं. ही कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्डनं १९५५ साली मांडली, आणि १९६४ साली फिलाडेल्फियातून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. अमेरिकेतल्या वकिलांकडे जुन्या खटल्यांचे दाखले शोधायची अशी पुस्तकं १८७३ पासून होती, तिथून त्याला ती सुचली. हेतू साधा होता : एका निबंधाचा धागा धरून पुढचे निबंध सापडावेत. म्हणजे वाट शोधायचं साधन. पण बाजारात आलेलं साधन साधन राहत नाही. त्याचा तराजू झाला. गारफिल्ड स्वतः सांगत राहिला की ह्या आकड्यावर माणूस तोलताना जपून. कोण ऐकतो? २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला. तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस दाखले असले तर तुमचा आकडा वीस. एवढ्याशा आकड्यात माणसाचं आख्खं आयुष्य. साहेबांचं काम सोपं झालं. निबंध वाचायला नको.

आज ह्या मोठ्या याद्या कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. ‘वेब ऑफ सायन्स’ क्लॅरिव्हेटची, ‘स्कोपस’ एल्सव्हियरची. म्हणजे तराजू खाजगी, वजनं खाजगी, आणि तोलले जाणारे आपण.

आता मूळ प्रश्न. दाखले कशानं वाढतात?

भाबडा माणूस म्हणेल, चांगल्या कामानं. हे साफ खोटं नाही, आणि मी ते खोटं म्हणणार नाही. जगात सगळ्यात जास्त दाखले मिळालेला निबंध १९५१ सालचा आहे. एखाद्या द्रवात प्रथिनं किती आहेत ते मोजायची पद्धत त्यात दिलीय. ‘नेचर’नं २०१४ साली यादी केली तेव्हा त्याचे दाखले तीन लाख पाच हजारांच्या वर गेले होते. कारण सरळ आहे. हजारो प्रयोगशाळांत रोज प्रथिनं मोजावी लागतात, आणि पद्धत ज्याची त्याचं नाव लिहावं लागतं. त्या यादीत वरच्या नंबरांवर असेच पद्धतीचे निबंध आहेत. म्हणजे हूक, दोरी, पाटी ह्यांचा मान. थोर सिद्धांत मांडणारे खाली, हत्यार देणारे वर. कामकरी माणसाला हे ऐकून बरं वाटतं. मलाही वाटलं.

पण त्या निबंधाचं नाव जगभर कसं लिहितात? ‘लॉरी आणि इतर’. ते इतर कोण? रोझब्रो, फार आणि रँडल. तीन माणसं. तीन लाख वेळा दाखला, आणि बहुतेक वेळा ही तिघं ‘इतर’. आमच्याकडे टॅलीच्या कागदावर असंच असतं. मुकादमाचं नाव, पुढं ‘व इतर बारा’. त्या बारांत कुणाची बोटं चेंगरली, कुणी दोन माणसांचं ओझं एकट्यानं ओढलं, कागदाला माहीत नसतं. जगातल्या सगळ्या इतिहासाची तळटीप ‘आणि इतर’ अशीच आहे, आणि आपला बाप त्या ‘इतर’मध्ये आहे.

तर चांगलं काम हे एक कारण. आता बाकीची कारणं मोजा.

दुसरं कारण : आधी मिळालेले दाखले. ज्याचं नाव झालंय त्याचं नाव घेतात, म्हणून त्याचं नाव होतं, म्हणून पुन्हा त्याचंच घेतात. सकाळी मुकादम ओळखीच्या पोरांना हाक मारतो, त्यांना पाळी मिळते, पाळी मिळाली म्हणून ती पोरं ‘अनुभवी’ ठरतात, आणि अनुभवी म्हणून उद्या पुन्हा हाक. बाकीचे फाटकाशी उभे. कोलंबिया विद्यापीठातल्या रॉबर्ट मर्टननं १९६८ साली विज्ञानातल्या ह्या प्रकाराला नाव दिलं : मॅथ्यू इफेक्ट. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात एक बोल आहे, त्याचा मतलब असा की असलेल्याच्या घरात अजून भर पडणार, नसलेल्याच्या हातचंही जाणार. त्यावरून हे नाव. हा मर्टन फिलाडेल्फियातल्या गरीब ज्यू घरातला. जन्माचं आडनाव श्कोल्निक, ते टाकून त्यानं मर्टन लावलं. आडनाव का बदलावं लागतं हे आपल्या वाचकाला सांगायला नको.

पण गंमत पुढं आहे. मर्टनच्या त्या निबंधाचा कच्चा माल, म्हणजे नोबेलवाल्यांच्या मुलाखती, हॅरिएट झुकरमन ह्या बाईनं गोळा केला होता. निबंधावर नाव एकट्या मर्टनचं. निबंध दोघांच्या नावानं निघायला हवा होता, हे पुढं मर्टननं स्वतः छापून सांगितलं. तोवर दाखले मर्टनच्या खात्यात जमा. अन्यायाला नाव देणारा निबंध, आणि त्याच निबंधात तो अन्याय! बायांचं श्रेय पुरुषाच्या नावावर चढण्याच्या ह्या रोगाला मार्गारेट रॉसिटरनं १९९३ साली ‘माटिल्डा इफेक्ट’ म्हटलं. २०१३ साली ‘नेचर’मध्ये पन्नास लाखांहून जास्त निबंधांचा हिशेब छापून आला : ज्या निबंधांत मुख्य जागी बाईचं नाव, त्यांना पुरुषांच्या निबंधांपेक्षा दाखले कमी. वरून पुरुष स्वतःच स्वतःचे दाखले जास्त देतात. १७७९ पासूनचे पंधरा लाख निबंध तपासले तर पुरुष बायांपेक्षा छप्पन्न टक्के जास्त आत्मदाखले देताना सापडले. चळवळीतल्या दोस्तांनो, हसू नका. आपल्या सभेच्या हँडबिलावर बायांची नावं कुठं असतात ते आठवा आणि मग हसा.

तिसरं कारण : गाजावाजा. ही गोष्ट कामगारानं लक्षात ठेवावी अशी आहे. १९७८ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत छापखान्याच्या कामगारांनी संप केला. अठ्ठ्याऐंशी दिवस. ह्या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ नुसता नोंदीपुरता अंक तयार करत होता, विकत नव्हता. पुढं १९९१ साली काही संशोधकांनी हिशेब केला. ‘न्यू इंग्लंड जर्नल’ ह्या वैद्यकाच्या नियतकालिकातले जे निबंध ‘टाइम्स’नं बातमीत घेतले, त्यांना पहिल्या वर्षी बाकीच्यांपेक्षा जवळपास त्र्याहत्तर टक्के जास्त दाखले मिळाले होते. कुणी म्हणेल, संपादकांनी चांगलेच निबंध निवडले असतील, म्हणून. पण संपाच्या काळातही संपादक निबंध निवडतच होते, फक्त अंक लोकांपर्यंत जात नव्हता. त्या निबंधांना जास्त दाखले मिळाले नाहीत. बघा, यंत्रावरच्या माणसानं हात काढून घेतले आणि विद्वानांच्या थोरवीतला एक तुकडा गळून पडला. शास्त्रज्ञही पेपरात आलेलंच वाचतात, आपल्यासारखेच.

चौथं कारण : पत्ता. १९८२ साली अमेरिकेतल्या पीटर्स आणि सेसी ह्या दोघांनी एक खोडी काढली. मोठ्या नामांकित विद्यापीठांतल्या लोकांचे, आधीच छापून आलेले बारा निबंध घेतले. लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून खोटी, कुणी न ऐकलेली घातली, आणि ज्यांनी ते छापले होते त्याच मानसशास्त्राच्या नियतकालिकांकडे परत पाठवले. बारांपैकी तीन पकडले गेले. उरले नऊ. त्या नऊपैकी आठ नाकारले. कारण काय दिलं? पद्धतीत गंभीर दोष! तेच शब्द, तीच कोष्टकं, फक्त पत्ता बदलला तर दोष उगवले. आता बोला, गुणवत्ता कागदात होती की लेटरहेडवर? आधी छापलं जाणं, मग वाचलं जाणं, मग दाखला मिळणं. पहिल्याच फाटकावर वॉचमन पत्ता विचारतो. आमच्या पोरांनाही विचारतो. वस्तीचं नाव सांगितलं की चेहरा बदलतो.

पत्त्याचा एक मामला आपल्या देशातला आहे. कॉलरा. पटकीनं वस्त्याच्या वस्त्या साफ झाल्या, आणि गावानं दोष मरीआईला दिला, नाहीतर आपल्याला दिला. कॉलऱ्याचा जंतू माणूस मारतो कसा, हे शंभुनाथ डे नावाच्या माणसानं कलकत्त्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी आतड्यात घातलं तरी आतडं पाण्यानं फुगतं. म्हणजे मारतं ते जंतूनं सोडलेलं विष. निबंध १९५९ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. भाषा इंग्रजी, नियतकालिक जगातलं अव्वल. तरी कित्येक वर्षं त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. १९७८ साली स्टॉकहोमला नोबेलवाल्यांच्या परिसंवादाचं बोलावणं आलं. १९८५ साली डे वारले. १९८६ साली खुद्द गारफिल्डनं त्यांच्यावर लेख लिहिला. आणि आपल्या देशातल्या विज्ञान अकादम्या? जिवंतपणी एकीनंही त्यांना सभासद करून घेतलं नाही. मी इथं डेंची जात काढत नाही, पत्ता काढतोय. साहेबाच्या देशातून शिक्का आल्याशिवाय घरच्या माणसाचं मोल न कळणारे हे आमचे गुणवत्तेचे पुजारी. आणि हेच आमच्या पोराला आकडा विचारतात.

पाचवं कारण : भाषा. मोठ्या याद्यांत बहुतेक सगळं इंग्रजी. मराठीत कुणी शेतावर, पाण्यावर, कातड्याच्या कामावर कितीही मोलाचं लिहो, त्या तराजूत त्याचं वजन शून्याजवळ. मेंडेलनं वाटाण्यावरचा निबंध १८६६ साली ब्रनच्या एका गावठी सोसायटीच्या अंकात छापला. १९०० साली तिघांना तो नव्यानं सापडला. चौतीस वर्षं गेली. मेंडेल १८८४ सालीच मेला होता. एच-इंडेक्सवर नोकरी असती तर मेंडेलला कुणी चपराशी म्हणून ठेवला नसता.

सहावं कारण : टोळी. तू माझं लिही, मी तुझं लिहितो. २०१२ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं की अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, व्यवस्थापन ह्या विषयांतल्या विचारलेल्या लोकांपैकी पाचातल्या एकाला संपादकांनीच दमात घेतलं होतं : आमच्या नियतकालिकाचे दाखले वाढवा. ह्याला आमच्याकडे हप्ता म्हणतात.

सातवं कारण : न वाचणं. सिम्किन आणि रॉयचौधरी ह्यांनी २००३ साली दाखल्यांतल्या छपाईच्या चुका तपासल्या. एकानं पान नंबर चुकवला की पुढचे तीच चूक उतरवत जातात. त्यावरून त्यांनी अंदाज काढला, की दाखला देणाऱ्यांपैकी शंभरातले वीसेकच मूळ निबंध वाचत असावेत. ऐंशीजण दुसऱ्याच्या यादीतून उचलतात. पोथी न वाचता मंत्र म्हणणारे पुरोहित आपण पाहिलेत. हे त्यांचेच भाऊबंद.

अजूनही आहेत. विषय लहान की मोठा, हे बघावं लागतं. गणितवाले थोडे आणि दाखले देण्यात कंजूष, जीवशास्त्रवाले पुष्कळ आणि सढळ. दोघांचे आकडे शेजारी ठेवणं म्हणजे कापसाची गाठ आणि लोखंडाची सळई नगावर मोजणं. आढावा घेणाऱ्या निबंधाला जास्त दाखले, नव्या कोऱ्या प्रयोगाला कमी. लेखक जास्त तर दाखले जास्त. आणि शिव्या खाणाऱ्यालाही दाखले! गोवराची लस टोचल्यानं पोरांना ऑटिझम होतो असा संशय पसरवणारा वेकफिल्डचा निबंध १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, २०१० साली रद्द झाला. त्याला हजाराहून जास्त दाखले आहेत, त्यातले बहुतेक त्याला खोटं ठरवणारे. तराजूला हे कळत नाही. त्याला शिवी आणि ओवी सारखीच.

हिशेब झाला. एका कारणात काम आहे. बाकीच्यांत ओळख, पत्ता, भाषा, टोळी, गाजावाजा, आळस आहे. ह्या आकड्याला जात नसते म्हणता? जातीला जे जे लागतं ते सगळं ह्यात आहे. वाडवडिलांची जमा, वस्तीची शिव, सोवळी भाषा, आणि आपापसातला रोटीव्यवहार.

आता कुणी तडकभडक दोस्त म्हणेल, मग जाळा हे आकडे. मी म्हणत नाही. मोजणं बंद झालं की काय होतं ते आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. न मोजलेल्या जमिनी, न मोजलेली वेठबिगार, न मोजलेले खून. मी वर सांगितलेलं सगळं मला कुठून कळलं? मोजणाऱ्यांनीच मोजून काढलं. मर्टन, रॉसिटर, पीटर्स, सेसी ह्यांनी तराजूच तराजूत घातला. विज्ञान आपला शत्रू नाही. विज्ञानाच्या दारात बसलेला भट आपला शत्रू आहे. मोजा, पण काय मोजताय ते आधी सांगा. आमच्या पोराचा आकडा विचारता तर त्याचा विषय केवढा, त्याला काम करून किती वर्षं झाली, त्याच्या प्रयोगशाळेत यंत्र होतं की नव्हतं, त्याचा गाईड कुणाच्या ओळखीचा, हेही विचारा. आणि सगळ्यात आधी त्याचा निबंध वाचा. वाचता येत नसेल तर खुर्ची सोडा.

दाखला कसा द्यावा हेही आपल्याला बाहेरून शिकायला नको. ९ मे १९१६ रोजी, मर्टननं पुढं जिथं नाव कमावलं त्याच कोलंबियात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. १९१७ च्या मे महिन्यात तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला. त्यात सेनार आहे, नेसफिल्ड आहे, रिस्ले आहे, आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर आहेत. प्रत्येकाची व्याख्या घेतली, नाव घेऊन घेतली, आणि कुठं अपुरी पडते ते दाखवलं. केतकरांचं चांगलं ते चांगलं म्हटलं, चुकलं तिथं सोडलं नाही. मग स्वतःचं मांडलं, की जातीच्या बाहेर लग्न न होऊ देणं हाच जातीचा गाभा. वाचून दाखला, तपासून दाखला, ऋण मान्य करून दाखला. टोळी नाही, हप्ता नाही. आता तुम्ही एक करा. जातीवर लिहिणाऱ्या मोठमोठ्या पंडितांची पुस्तकं ग्रंथालयातून काढा आणि शेवटच्या यादीत हा १९१६ चा निबंध आहे का बघा. कुठं आहे, कुठं नाही, वहीत लिहा. आकडा आपणच काढू.

आणि एक काम आपल्या घरातलं. ह्या अंकापासून आपल्या कागदात ‘आणि इतर’ हे शब्द छापले जाणार नाहीत. अहवाल असो, सभेचं वृत्त असो, सर्वेक्षण असो, ज्यानं ज्यानं काम केलं त्याचं, तिचं पूर्ण नाव येईल. जागा कमी पडली तर माझ्या कविता काढू. २०१५ साली एका भौतिकशास्त्राच्या निबंधावर पाच हजार एकशे चोपन्न लेखकांची नावं छापली. विज्ञान नऊ पानं, नावं चोवीस पानं. त्यांना जागा सापडते तर आपल्यालाही सापडेल.

ज्या पोरापोरींनी आपल्यातून एम्‌. एस्‌सी., पीएच्‌. डी. केलीय, त्यांनी आपल्या कामाबद्दल दोन पानं साध्या मराठीत लिहून पाठवावीत. आम्ही छापू. गोदीतला माणूस वाचेल, अडलं तर विचारेल. हा दाखला कुठल्या कंपनीच्या यादीत चढणार नाही, ह्याच्यावर बढती मिळणार नाही. पण पुढं जो कुणी आपल्यातला ह्या विषयावर लिहायला बसेल, त्याच्या हाताशी आपल्या माणसांची नावं असतील. त्याला ती घ्यावीच लागतील. वाचून घ्या, तपासून घ्या, पण घ्या.

जय भीम.